सर्व्हिसच्या रेषेमागची खुर्ची

तिला सगळे फरशी म्हणायचे. चेंडू जमिनीला टेकायच्या आत त्याच्याखाली हात घालायला ती इतक्या वेळा आडवी व्हायची, की एकदा सर वैतागून म्हणाले, "अगं, उभी कधी राहणार तू? का फरशीतच बसवून घेऊ तुला?" तेव्हापासून ती फरशी झाली ती झालीच. तिची मैत्रीण दारातून आत येताना सवयीनं मान वाकवायची, म्हणून ती शिडी. दोघींची नावं एका दमात घेतली जायची. फरशीनं खालून उचलायचा आणि शिडीनं वरून हाणायचा, एवढ्यावर शाळेचा व्हॉलीबॉलचा संघ चालला होता.

फरशीची जर्सी इतर मुलींपेक्षा वेगळ्या रंगाची असायची, कारण तिचं कामच वेगळं होतं. जाळीवर उडी मारून हाणणं तिच्याकडे नव्हतं. मागे उभं राहून समोरून येणारा चेंडू अंगावर घ्यायचा आणि सरळ वर काढून द्यायचा, हे तिचं काम. ज्या मुलीला देवानं उंची दिली नाही तिला या खेळात एवढी एकच जागा असते. त्या जागेवरच्या मुलीचा पास वाकडा गेला तर चालतो, ती धापा टाकत असली तर चालते, पण तिला चेंडूची भीती वाटून चालत नाही.

फरशीला चेंडूची भीती वाटत होती.

थंडी सरता सरता झालेल्या स्पर्धेत ते घडलं. समोरच्या शाळेत रुंद खांद्यांची एक मुलगी होती. ती सर्व्हिस करायला लागली की हातावर चेंडू बसल्याचा असा दणका व्हायचा, की सगळ्या शाळांत तिला तोफ म्हणत. त्या दिवशी तोफेचा चेंडू हवेत डगमगत आला. फरशीनं हात पुढे केले ते जरासे खाली, आणि चेंडू हातांवरून निसटून थेट नाकावर बसला. रक्त एवढं आलं की पंच शिट्टी वाजवायचं विसरला. डॉक्टरांनी नाकाचं हाड बसवलं. सूज उतरली, डोळ्यांखालचं काळंनिळं पिवळं होऊन निघून गेलं. आई म्हणाली, "नशीब, नाक सरळ राहिलं." सर म्हणाले, "खेळाडूचे दागिने असतात हे." सगळं पूर्वीसारखं झालं असं सगळ्यांनी धरून टाकलं.

पहिल्याच सरावाला फरशीला कळून चुकलं की तसं नाही. चेंडू लांब असेपर्यंत ती त्याच्याकडे नीट बघायची. तो अगदी हाताशी आला की डोळे मिटायचे. ती मिटत नव्हती, ते आपले मिटायचे. मान जराशी कलायची, एक खांदा वर यायचा, आणि त्या एवढ्याशा अंधारात चेंडू कुठे जाईल ते कुणाच्याच हातात नसायचं. हळू आलेले चेंडू हातांच्या जुन्या सवयीनं निघून जायचे, कुणाला पत्ता लागायचा नाही. जोराचा आला की संपलं.

घरीही ते पाठ सोडत नव्हतं. आई इस्पितळाच्या लॉन्ड्रीत कामाला होती. दिवसभर दुसऱ्यांच्या चादरींच्या घड्या घालून आली तरी घरची चादर ती तशीच दोन माणसांनी धरून, फटकन झटकून घालायची. दुसरी बाजू फरशीनं धरायची. चादर हवेत फुगून तोंडाकडे आली की फरशीचे डोळे गच्च मिटायचे. एकदा आई मधेच थांबली.

"काय गं?"

"काही नाही. धूळ गेली डोळ्यात."

आईनं चादरीकडे पाहिलं. चादर त्याच दुपारी धुतलेली होती. त्यानंतर चादर ती हळू झटकायला लागली, आणि फरशीला ते जास्तच लागलं.

शिडीपासून तर लपणं शक्यच नव्हतं. कपडे बदलायच्या खोलीत एकदा दोघीच उरल्या होत्या.

"तू डोळे मिटतेस," शिडी म्हणाली.

"नाही हं."

"अगं, शेजारी उभी असते मी. मला काय आंधळी समजतेस?"

फरशी बुटाची नाडी सोडत बसली. सुटलेली नाडी तिनं परत बांधली, परत सोडली. "सरांना सांगणार आहेस?"

"सरांना सांगून मला काय मेडल मिळणार आहे?"

"मग माझं एक काम कर."

ते काम असं होतं. समोरून जोराची सर्व्हिस येणार असं दिसलं की फरशीनं डाव्या बाहीला हळूच ओढ द्यायची. त्या खुणेसरशी शिडीनं आपली कडेची जागा सोडून मधे सरकायचं आणि चेंडू घ्यायचा. शिडीचे हात एवढे लांब, की ती दुसऱ्याच्या ताटातलं उचलते असं कुणाला वाटलं नसतं.

"आणि मी सरकल्यावर माझ्या जागेवर चेंडू टाकला तर?"

"तुझी जागा कडेला आहे. तिथं टाकायला गेलं की चेंडू बाहेर जायची भीती असते. सगळ्या मधेच टाकतात."

"सगळ्या मधेच टाकतात," शिडीनं तिची नक्कल केली. "आणि मधला घेऊन मी पुढे पळत जाऊन हाणायचा कधी? पंख लावून देतेस का मला?" पण ती हो म्हणाली. ती नेहमी हो म्हणायची.

असं करत सरावाचे दिवस निघून गेले. मग एका सकाळी सर मैदानावर आले ते दाढी करून. मुलींनी एकमेकींकडे पाहिलं. सरांनी दाढी केली म्हणजे कुणीतरी येणार.

"विद्यापीठाच्या कोच येताहेत," सर म्हणाले. "पुढच्या वर्षीचा संघ बांधायला निघाल्यात. त्यांनी घेतलं की प्रवेश, वसतिगृह, सगळं आलं. नाही घेतलं की आपापल्या घरी."

आपापल्या घरी म्हणजे काय ते फरशीला पक्कं माहीत होतं. आईनं लॉन्ड्रीच्या मुकादमबाईंच्या कानावर घालून ठेवलं होतं, घड्यांच्या टेबलाशी एक जागा होणार होती. फरशी एका सुट्टीत आईच्या जागी तिथं उभी राहिली होती. वाफेनं भिंतीचा रंग पोपडे धरून लोंबत होता. यंत्रांच्या आवाजात बायका एकमेकींशी हातवाऱ्यांनी बोलत होत्या. चादरी घासून घासून आईच्या बोटांच्या टोकांवरच्या रेघा पुसल्या गेल्या होत्या. आईनं त्याच बोटांनी घर उभं केलं होतं, त्यामुळे कामाला नाव ठेवायची फरशीची छाती नव्हती. पण त्या टेबलाशी आपण एकदा उभ्या राहिलो की पुन्हा बाहेर पडणार नाही, या विचारानं तिला रात्री झोप लागायची नाही.

"त्या काय बघतात, माहीत आहे?" सरांनी विचारलं. आणि कुणी उत्तर द्यायच्या आत स्वतःच सुरू झाले. "उंची बघतात. उडी बघतात. हात जाळीच्या किती वर जातो ते बघतात. ज्यांना उंची नाही..." इथं त्यांनी फरशीकडे पाहिलं. "त्यांनी उत्साह दाखवायचा. पॉइंट मिळाला की ओरडायचं. पॉइंट गेला तर आणखी जोरात ओरडायचं. आणि दुखापतीचं विचारलं तर कुणाला कधी काही झालेलं नाही. नाक? कसलं नाक?"

"सर, नाक आहे एवढं तरी सांगायचं ना?" मागून कुणीतरी म्हणालं. सगळ्या हसल्या. फरशीही हसली.

"सामना कुणाशी आहे सर?" शिडीनं विचारलं.

सरांनी सांगितलं. तोफेची शाळा. "तगडा संघ समोर असला की आपला खेळ उठून दिसतो."

फरशीचं हसू तोंडावर तसंच राहून गेलं, ते आवरायचं तिच्या लक्षातच आलं नाही.

सामन्याच्या दिवशी सरांनी मुख्याध्यापिकेच्या खोलीतली हाताची खुर्ची उचलून आणली, तिच्यावर उशी ठेवली, आणि जाळीच्या अगदी शेजारी, दोन्ही बाजू दिसतील अशी मांडली. बाजूला स्टूल, स्टुलावर पाण्याची बाटली, बाटलीवर उपडा ग्लास. मुली अंग मोकळं करत होत्या तेवढ्यात कोच आल्या. बाई लहानखुऱ्या, केस बारीक कापलेले आणि पांढरे, खांद्याला पिशवी. आपल्या उंचीची ही बाई आहे हे पाहून फरशीला क्षणभर बरं वाटलं.

कोचनी खुर्ची पाहिली, सरांना हसून धन्यवाद दिले, उशी काढून स्टुलावर ठेवली आणि खुर्ची स्वतःच उचलून चालू लागल्या. सर मागे धावले. "मॅडम, मॅडम, राहू द्या, कुठे हवी ती सांगा!" कोच कोर्टाच्या कडेनं पलीकडे गेल्या आणि समोरच्या संघाच्या सर्व्हिसच्या रेषेमागे, भिंतीला टेकून, खुर्ची ठेवून बसल्या.

"तिथं चेंडू अंगावर येईल मॅडम!"

"आला तर बाजूला होईन."

सर परत आले ते कपाळ पुसत. शिडीनं विचारलं, "तिथून काय दिसतं सर?"

"तिथून?" सर म्हणाले. "तिथून काय, तुमची तोंडं दिसतात."

फरशीनं खुर्चीकडे पाहिलं. कडेला बसलेल्या माणसाला चेंडू दिसतो, हात दिसतात, पळणं दिसतं. डोळे कोण बघतं? त्यांनी दोघींनी जी काही तजवीज केली होती ती कडेला बसणाऱ्या माणसासाठी केली होती. आणि ही बाई समोर, आरशासारखी.

वर गॅलरीत आई येऊन बसली होती. कामावरून तशीच आली होती, केसांना बांधलेला रुमाल काढायचा राहिला होता.

सामना सुरू झाला. पहिला सेट कसा गेला ते फरशीला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. चेंडू येत होते. हळू आलेले ती काढत होती. समोरची मुलगी चेंडू उंच फेकून मागे वाकली की फरशी बाहीला ओढ द्यायची, आणि शिडी सरकायची. एकदोनदा तर इतकं सफाईनं झालं की गॅलरीतून टाळ्या आल्या. तोफेची पाळी आली तेव्हाही शिडीनंच दोन चेंडू पोटावर घेतल्यासारखे घेतले, आणि पुढे पोचायला उशीर झाला म्हणून तिचा स्मॅश जाळीत गेला. सर ओरडले, "उंट आहेस का? उडी मार की!" तो सेट फरशीच्या संघानं कसाबसा जिंकला.

सेट संपला की संघ बाजू बदलतात. फरशी त्याचीच वाट बघत होती. आता आपण त्या खुर्चीच्या बाजूला जाणार, बाईंना आपली पाठ दिसणार. पाठीला काय डोळे असतात? ती पलीकडे जाऊन उभी राहिली, तिनं मोठा श्वास घेतला. तेवढ्यात कोच उठल्या. खुर्ची उचलली. कोर्टाला वळसा घालून दुसऱ्या टोकाला गेल्या आणि पुन्हा त्यांच्या समोर मांडून बसल्या.

गॅलरीत हशा पिकला. "बाईंना ऊन लागतंय वाटतं!" कुणीतरी म्हणालं. हॉलला छप्पर होतं. फरशीला मात्र ती खुर्ची आपला माग काढत आल्यासारखी वाटली.

दुसरा सेट ते हरले. तिसऱ्या सेटआधी पुन्हा बाजू बदलल्या आणि पुन्हा खुर्ची त्यांच्यामागोमाग समोर आली. या वेळी कुणी हसलं नाही.

दोन्ही संघ बरोबरीनं चालले होते तेव्हा तोफ सर्व्हिसला आली. खुर्ची बरोबर तिच्या मागे होती. तोफेकडे बघायचं म्हटलं की तिच्या खांद्यावरून कोचचा चेहरा दिसायचाच. फरशीनं चेंडूकडे बघायचा प्रयत्न केला. नाकात दुखल्यासारखं होत होतं, जणू ते हाड अजून बसलंच नव्हतं. तिनं बाही ओढली.

शिडी सरकली.

तोफेनं चेंडू वर फेकायला हात उचलला होता. तो तिनं खाली घेतला. तिची नजर शिडीनं सोडलेल्या जागेवर गेली. मग तिनं चेंडू फेकला आणि हाणला तो थेट त्या कडेच्या रिकाम्या कोपऱ्यात. चेंडू रेषेच्या आत टप्पा खाऊन भिंतीवर आदळला. 'माझा' म्हणून ओरडायलाही तिथं कुणी नव्हतं.

"अगं कुठे होतीस!" सर किंचाळले. सगळ्या मुलींनी शिडीकडे पाहिलं. फरशीनं आपल्या बुटांकडे पाहिलं.

पुन्हा शिट्टी. तोफ पुन्हा तयार. आता बाही ओढायची नाही असं फरशीनं मनाशी म्हटलं. म्हटलं, आणि हात आपोआप बाहीकडे गेला. शिडीनं तिच्याकडे एकदा पाहिलं, न सरकता उभं राहावं असं तिला वाटतंय हे तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं, आणि ती सरकली. चेंडू पुन्हा त्याच कोपऱ्यात पडला.

सरांनी टाइम-आउट घेतला. मुली त्यांच्याभोवती गोळा झाल्या.

"तुझी जागा तुला सोडवत नाही की सापडत नाही?" सर शिडीला म्हणाले. आवाज दाबून बोलत होते, पण मानेच्या शिरा फुगल्या होत्या. "कुणासमोर खेळतोय आपण, काही कळतं? आज तुझं नशीब उघडायला आलेत लोक, आणि तू फेरफटका मारतेयस!"

पाणी पिण्याचं निमित्त करून शिडीनं बाटली तोंडाला लावली.

फरशीच्या घशात शब्द आले होते. सर, मी बोलावलं तिला. एवढंच म्हणायचं होतं. तिनं तोंड उघडलं, समोरच्या खुर्चीकडे पाहिलं, आणि मिटलं.

"बस बाकावर," सर शिडीला म्हणाले, आणि त्यांनी राखीव मुलीला आत पाठवलं.

शिडी बाकावर जाऊन बसली. लांब पाय कुठे ठेवावेत ते तिला कळेना. तिनं टॉवेल डोक्यावरून घेतला. त्या टॉवेलखालून तिचे खांदे हलताना फरशीला दिसले.

पंचांनी शिट्टी तोंडात धरली. हॉल शांत झाला. आणि फरशी आपली जागा सोडून कडेला, सरांपाशी चालत आली.

"सर, ते दोन्ही चेंडू माझे होते."

"आत जा!"

"मी खूण केली की ती सरकते. मीच तिला बोलावते."

"अगं, पंच बघतायत, जा आत..."

"मला भीती वाटते चेंडूची. म्हणून बोलावते."

ती हळू बोलली होती, निदान तिला तसं वाटलं. पण शिट्टीआधीच्या त्या शांततेत ते वाक्य वर गॅलरीपर्यंत पोचलं. समोर तोफेनं ऐकलं. तिच्या संघातल्या मुलींनी ऐकलं. पंचांनी वेळ घालवल्याबद्दल ताकीद दिली. फरशी आपल्या जागेवर परत आली तेव्हा तिला वाटलं, आपण हे काय करून बसलो. आता समोरच्यांना माहीत आहे. आता प्रत्येक चेंडू इथंच येणार. आणि शेजारी शिडी नाही.

तोफेनं चेंडू हातात फिरवला. पुन्हा फिरवला. फरशीचे पाय जागचे हलत नव्हते. मागे जायचं तरी त्यांना कुठे जमत होतं. ती ओरडली, "माझा!" चेंडू अजून तोफेच्या हातातच होता. राखीव मुलगी दचकली.

तोफेनं चेंडू फेकला, हाणला, आणि तो सरळ जाळीत गेला.

पॉइंट मिळाला. ओरडायचं कुणालाच सुचलं नाही. सरांनी काहीतरी पुटपुटत शिडीला परत आत पाठवलं. पुढचा खेळ धडपडत पार पडला आणि शेवटी थोडक्यात ते हरले.

हॉल रिकामा होत असताना कोच खुर्चीतून उठल्या नाहीत. त्यांनी तिथूनच हात केला. फरशी गेली. मागून सर गेले, आणि सरांच्या मागून, कुणी न बोलावता, शिडी.

"नाक कधी फुटलं?" कोचनी विचारलं.

"मॅडम, नाकाचं म्हणाल तर..." सर म्हणाले.

"सर, तिला विचारतेय मी."

"थंडीत," फरशी म्हणाली.

"तेव्हापासून डोळे मिटतात?"

"हो."

"पहिल्या सेटपासून मला दिसत होते. बाही पण." कोचनी आवाज चढवला. "ए मुली! तू, सर्व्हिसवाली. ये इकडे."

दाराशी पोचलेली तोफ पिशवी छातीशी धरून परत आली. जवळून ती एवढी मोठी वाटत नव्हती.

"शेवटचा जाळीत का घातलास?"

"चुकला."

"कोपऱ्यातले दोन बरे नाही चुकले."

तोफेनं खाली पाहिलं. "तिचं नाक माझ्याच चेंडूनं फुटलंय मॅडम. ते कोपऱ्यातले मी तिला चुकवायलाच मारत होते. मग कोपरा भरला. ती तिथं एकटी उभी. मला वाटलं, पुन्हा लागलं तर..." तिनं पिशवी आणखी घट्ट धरली. "एवढं रक्त मी कधी बघितलं नव्हतं."

फरशी तिच्याकडे बघतच राहिली. या मुलीलाही रात्री झोप लागत नसेल, हे तिच्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

"ठीक आहे," कोच फरशीला म्हणाल्या. "तू तिकडे उभी राहा. आणि तू इथून मार. जोरात. चेंडूला हवा भरायचं एक भोक असतं, माहीत आहे ना? ते कुठल्या बाजूला आहे एवढं तिनं मला सांगायचं. पास कुठे का जाईना." मग फरशीकडे वळून म्हणाल्या, "नको असेल तर घरी जा. मी तुला भित्री म्हणणार नाही."

फरशीनं वर पाहिलं. आई गॅलरीच्या कठड्याशी उभी होती. दोन्ही हातांनी कठडा धरला होता.

फरशी पलीकडे जाऊन उभी राहिली.

पहिला चेंडू आला. डोळे मिटले. मनगटावर सणसणीत बसून तो कुठेतरी छपराकडे गेला.

"भोक?"

"नाही दिसलं."

दुसरा छातीवर बसला. श्वास अडकला. वर आईच्या तोंडून आवाज निघाला आणि तिनं तो तोंडातच दाबला. शिडी दोन पावलं पुढे आली. "मधे येऊ नकोस," कोच म्हणाल्या, आणि शिडी थांबली.

"भोक?"

"नाही."

आणखी आले. तोफेच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ती हाणत होती, कारण तिला हाणायला सांगितलं होतं. फरशीचे हात लाल झाले. प्रत्येक वेळी तीच भीती पोटातून वर चढायची, जरासुद्धा कमी न होता. आणि मग एकदा चेंडू आला, मोठा होत आला, आणि त्याच्या पिवळ्या पट्ट्यावर ते बारीक काळं भोक तिला दिसलं, आपल्याकडे डोळा रोखून फिरत येताना.

"वर! डावीकडे वर!" ती ओरडली. चेंडू खांद्याला थडकून गॅलरीत गेला.

कोच हलल्या नाहीत. "खरं दिसलं, की मला बरं वाटावं म्हणून?"

"खरं दिसलं."

"परत."

तोफेनं पुन्हा हाणला. फरशीनं जीव एकवटून डोळे ताणले, आणि ते मिटले.

"भोक?"

आता फक्त काहीतरी बोलायचं होतं. उजवीकडे, खाली, काहीही. कोण तपासणार होतं? लॉन्ड्रीचं टेबल तिच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं, वाफ, बायकांचे हातवारे.

"नाही दिसलं," ती म्हणाली.

कोच उठल्या. "मग मघाचं खरं होतं." त्यांनी पिशवी खांद्याला लावली. "पुढच्या महिन्यात आमच्याकडे निवड आहे. ये. हिच्यासारखं मारणाऱ्या तिथं पुष्कळ आहेत, हिच्याहून जोरात मारणाऱ्याही. घेईनच असं मी म्हणत नाही."

"भीती गेली नाही तर?"

"तर घाबरत ये."

सरांना राहवेना. "आणि आमची ही उंच मुलगी?"

"तिला मी घेतेच आहे. पण तिला गप्प बसायची खोड आहे, ती मोडावी लागेल."

"मॅडम, एक विचारू का?" सर म्हणाले. त्यांचा आवाज पडला होता. "तुम्ही बघता तरी काय? एवढी खुर्ची वाहून?"

कोचनी थोडा विचार केला. "उडी मारायला मी शिकवते. डोळे उघडे ठेवायलासुद्धा शिकवता येतं, वेळ लागतो. चेंडू पडल्यावर कोण कुणाकडे बोट दाखवतं, ते मला आजवर शिकवता आलेलं नाही. म्हणून ते आधी बघून घेते." खुर्ची मात्र त्यांनी या वेळी सरांना उचलू दिली.

बाहेर पायरीवर फरशीला बुटाच्या नाड्या बांधता येईनात, बोटं एवढी सुजली होती. शिडीनं खाली बसून बांधून दिल्या.

"टॉवेलखाली रडत होतीस ना?" फरशीनं विचारलं.

"रडते कसली. तुला शिव्या घालत होते," शिडी म्हणाली, आणि गाठ जरा जास्तच करकचून मारली.

घरी आल्यावर आईनं हातांना लावायला थंड पाण्याची पट्टी दिली. जेवणं झाली. मग तिनं कपाटातून चादर काढली आणि एक बाजू फरशीच्या हातात दिली.

"हिच्या एका कोपऱ्याला मी ठिगळ लावलंय," आई म्हणाली. "कुठल्या, ते सांग."

आणि तिनं चादर झटकली. हळू नाही, लॉन्ड्रीत झटकतात तशी, फटकन. पांढरं फुगलेलं कापड फरशीच्या तोंडाकडे आलं. डोळे मिटले.

"नाही दिसलं," ती म्हणाली.

आईनं चादर पुन्हा उचलली.